मूक नायक की मूकनायक?

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत एक वाद कित्येक वर्षं चालू आहे. रोल-प्लेइंग गेमचा नायक मुका असावा की बोलका? एक पक्ष म्हणतो, नायक मुकाच ठेवा, म्हणजे खेळणाऱ्याला त्याच्या जागी स्वतःला उभं करता येतं. दुसरा पक्ष म्हणतो, दुकानदार बोलतो, राजा बोलतो, राक्षससुद्धा बोलतो, आणि ज्याची गोष्ट चालू आहे तोच मख्खासारखा उभा राहतो, हे काही बरोबर नाही. त्याला आवाज द्या. वाद वरवर करमणुकीचा वाटतो. पण ज्या समाजाला हजारो वर्षं मुकं ठेवलं गेलं त्या समाजातून आम्ही आलो आहोत. मुका आणि बोलका हे शब्द आमच्या कानाला वेगळे लागतात. म्हणून या वादात आमचंही म्हणणं आहे, आणि ते दोन्ही पक्षांना फारसं आवडेल असं नाही.

चळवळीतले ज्येष्ठ विचारतील, अत्याचाराच्या बातम्या रोज येत असताना, पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडलेल्या असताना गेमवर लेख कसला लिहिता? उत्तर सरळ आहे. आपल्या वस्तीतली पोरं मोबाईलवर, लॅपटॉपवर तासन्‌तास ज्या गोष्टींत राहतात, त्या गोष्टी कोण लिहितो, त्यात कोण बोलतो आणि कोण फक्त ऐकतो, हा सांस्कृतिक राजकारणाचा प्रश्न आहे. सिनेमावर आपण बोलतो, नाटकावर बोलतो, साहित्यावर तर संमेलनं भरवतो. गेम त्याच रांगेतला आहे आणि एका बाबतीत जास्त धोक्याचा आहे. सिनेमात निर्णय पडद्यावरचा माणूस घेतो हे आपल्याला दिसतं. गेममध्ये बटण आपण दाबतो, त्यामुळे निर्णय आपलाच आहे असं वाटायला लागतं.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्ही एक पात्र घेता आणि त्याच्या वतीने एका मोठ्या गोष्टीतून जाता. वाटेत माणसं भेटतात, बोलतात आणि तुमच्या उत्तरासाठी थांबतात. पडद्यावर दोन, चार, कधी सहा वाक्यांची यादी येते. त्यातलं एक निवडायचं. मुक्या नायकाच्या गेममध्ये ते वाक्य तुम्ही मनात वाचता, नायकाचा आवाज ऐकू येत नाही. बोलक्या नायकाच्या गेममध्ये एखादा कलाकार ते वाक्य म्हणून दाखवतो.

मुक्या नायकाची परंपरा जुनी आहे. 1986 साली जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा नायक असाच होता. 1995 सालच्या ‘क्रोनो ट्रिगर’चा क्रोनोही जवळपास मुकाच. त्या गेममध्ये एक प्रसंग आहे जो आमच्या डोक्यातून जात नाही. क्रोनोवर राजकन्येला पळवल्याचा आरोप येतो आणि त्याला कोर्टात उभं करतात. सरकारी वकील बोलतो, बचावाचा वकील बोलतो, साक्षीदार येऊन जत्रेत क्रोनोने काय केलं ते सांगतात. कुणाचं जेवण खाल्लं का, हरवलेलं मांजर शोधून दिलं का, सगळ्याचा हिशोब निघतो. क्रोनोच्या वाट्याला मात्र दोन-दोन पर्याय. आणि निकाल काहीही लागो, पंचांनी निर्दोष म्हटलं तरी, त्याची रवानगी कोठडीतच होते आणि प्रधान त्याला फाशीच्या वाटेवर ढकलतो. ज्यांनी कोर्टात, चौकशीत, शिस्तपालन समितीपुढे आपल्या माणसाला उभं राहिलेलं पाहिलंय त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. सगळे त्याच्याविषयी बोलतात. त्याला विचारतात तेव्हा उत्तरही आधीच छापलेलं असतं.

इंग्रजीत अशा नायकाला जे म्हणतात त्याचं मराठी केलं तर शब्द होतो ‘मूक नायक’. हा शब्द ऐकला की आपल्यापैकी प्रत्येकाला 31 जानेवारी 1920 ही तारीख आठवते. पण बाबासाहेबांनी पाक्षिकाला दिलेलं नाव आणि हा शब्द एक नाहीत. व्याकरणाच्या तासाला शिकवतात तसं पाहा. मूक असलेला नायक, हा एक विग्रह. मूकांचा नायक, हा दुसरा. बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चा अर्थ दुसरा आहे. तो नायक मुका नव्हता, तो मुक्यांच्या वतीने बोलत होता, आणि तो स्वतः त्यांच्यातलाच होता. ते पत्र सुरू करताना शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ केले असतानाही त्याची साधी जाहिरात छापायला नकार दिला. म्हणजे आवाज होता, पैसे होते, पण छापखाना ज्याच्या हातात होता त्याने पान दिलं नाही. आमच्या मते गेममधल्या मुक्या-बोलक्याच्या वादाचं मर्म इथेच आहे. पण ते सांगण्याआधी आणखी एका गेमकडे जावं लागेल.

2009 साली बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीचा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ आला. त्यात सुरुवातीला जन्म निवडावा लागतो. सहा जन्म आहेत. उमरावाच्या घरातला माणूस, जादूगार, शहरातल्या कोंडवाड्यासारख्या वस्तीत राहणारा एल्फ, रानातला एल्फ, बुटक्यांच्या राजघराण्यातला राजपुत्र, आणि सहावा जातिबाह्य बुटका. होय, जातिबाह्य. जमिनीखालच्या ओर्झामार नगरात बुटक्यांच्या जाती आहेत. सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, खाणकामगार, व्यापारी, सेवक अशी उतरंड आहे. मुलाला बापाची जात लागते, मुलीला आईची. या सगळ्यांच्या बाहेर जातिबाह्य. जन्मल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदतात. त्यांची वस्ती वेगळी, तिचं नावच धुळीवरून पडलेलं. नगराच्या नोंदवहीत पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास लिहिला जातो, त्यात यांचं नाव चढत नाही. त्यांना शस्त्र धरून आखाड्यात उतरायची परवानगी नाही.

हे त्यांनी आपल्यावरूनच उचललं असं आमचं म्हणणं नाही. पण आम्ही चौघं वसतिगृहाच्या खोलीत एका जुन्या लॅपटॉपभोवती बसून हा गेम खेळलो तेव्हा कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या जन्माच्या कथेत एक योद्धा ऐन सामन्याच्या वेळी दारू पिऊन पडलेला असतो. आपला जातिबाह्य बुटका त्याचं चिलखत घालतो, शिरस्त्राणाआड चेहऱ्यावरची खूण लपवतो आणि आखाड्यात उतरून एकामागून एक योद्ध्यांना हरवतो. लोक टाळ्या वाजवतात. तेवढ्यात तो पिऊन पडलेला योद्धा झोकांड्या खात येतो, बिंग फुटतं, आणि टाळ्या वाजवणारेच लोक ओरडायला लागतात. विजयाला कुणी आक्षेप घेत नाही. आक्षेप जन्मावर असतो. एकलव्याची आणि कर्णाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या आम्हाला याचं नवल वाटलं नाही, राग आला.

तेव्हा पडद्यावर यादी आली. हेडफोन एकच होता, म्हणून आम्ही संवाद मोठ्याने वाचायचो. एकजण यवतमाळचा, एक परभणीचा, एक सोलापूरचा, एक चेंबूरचा. इंग्रजी वाक्य वाचून प्रत्येकाने ते आपल्या बोलीत म्हणून दाखवलं. यवतमाळच्या तोंडी ते वऱ्हाडी झालं, चेंबूरच्या तोंडी पक्कं मुंबईचं. नायक मुका होता म्हणूनच हे शक्य झालं. एखादा अमेरिकन किंवा ब्रिटिश आवाज आधीच बोलून गेला असता तर आमच्या बोलींना जागा उरली नसती. मुक्या नायकाच्या बाजूने जे म्हटलं जातं त्यातला हा खरा भाग आहे आणि आम्ही तो मान्य करतो. ज्याची बोली ऐकून मुलाखतीत भुवया उंचावतात, त्याला न बोललेलं वाक्य आपल्या बोलीत म्हणण्याची मुभा फार मोलाची असते.

पण त्यापुढची गोष्टही तितकीच खरी आहे. आम्ही कोणतंही वाक्य निवडलं असतं तरी पुढे कोठडीच होती. गेमच्या मधल्या भागात तर याहून मोठी निवड येते. ओर्झामारच्या गादीवर कुणाला बसवायचं? एक उमेदवार जुन्या रीती राखणारा हॅरोमाँट. दुसरा बेलेन, सत्तेसाठी काहीही करणारा, पण जातिबाह्यांना काही हक्क देणारा. या दोघांतून एक. आपला नायक स्वतः जातिबाह्य असला तरी यादीत तिसरं नाव नाही. जातिबाह्यांचं भलं व्हायचं असेल तर ते एखाद्या राजाच्या हातून व्हावं, त्यांनी फक्त कोणता राजा ते सांगावं. आमच्या मोहल्ल्यात दर निवडणुकीला हीच यादी येते.

आणखी एक बारीक गोष्ट. या गेमचा नायक अगदीच मुका नाही. पात्र तयार करताना त्याच्यासाठी आवाज निवडता येतो. पण तो आवाज ऐकू येतो लढताना आणि कामं करताना. समोरासमोर बोलायची वेळ आली की तो गप्प, आणि सोबतचे साथीदार मात्र भरभरून बोलतात. लढायला हात हवेत, राबायला अंग हवं, बैठकीत तोंड नको, हा व्यवहार आमच्या समाजाला नवा नाही.

मग नायकाला आवाज दिला की प्रश्न सुटतो का? त्याच मालिकेचा दुसरा भाग 2011 साली आला. त्यात नायक बोलका झाला. नाव हॉक. आवाज चांगला, कलाकार कसलेले. पण पहिल्या भागातले सहा जन्म गेले. हॉक माणूसच असतो, दुसरा पर्याय नाही. तो निर्वासित म्हणून शहरात येतो खरा, पण त्याची आई तिथल्या उमराव घराण्यातली आणि वाडा शेवटी त्याला परत मिळतो. आवाज आला आणि जातिबाह्य गेला. यामागे कारणं अनेक असतील, पण एक कारण उघड आहे. आवाज खर्चिक असतो. नायकाचं प्रत्येक वाक्य पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावं लागतं. जितके जन्म वाढतील तितकी वाक्यं वाढतात. पैसे मोजून आवाज द्यायचा झाला की यादी आखडते, आणि आखडताना आधी कोण बाहेर जातो ते पाहा. 2014 च्या तिसऱ्या भागात बोलक्या नायकाला पुन्हा चार वंशांतून निवडता आलं. म्हणजे मनात आणलं तर जमत होतं. पण त्यात जन्म खेळायला मिळाला नाही, तो फक्त कुणाच्या तरी तोंडून उल्लेखापुरता आला.

बोलक्या नायकाची दुसरी अडचण याहून खोल आहे. 2007 साली आलेल्या ‘मास इफेक्ट’ने संवादाचं चक्र आणलं. चक्रावर दोन-चार शब्दांचा इशारा असतो. तुम्ही तो निवडता आणि कमांडर शेपर्ड त्याच्या मनाचं पूर्ण वाक्य बोलतो. पुष्कळदा ते तुम्हाला म्हणायचं होतं त्याहून वेगळंच निघतं. 2015 च्या ‘फॉलआउट 4’ने यावर कळस चढवला. नायकाच्या दोन कलाकारांनी प्रत्येकी 13,000 हून अधिक वाक्यं ध्वनिमुद्रित केली, पण खेळणाऱ्यापुढे दर वेळी चारच पर्याय आणि तेही एकदोन शब्दांचे. लोक इतके वैतागले की नायक नेमकं काय बोलणार आहे ते पूर्ण दाखवणारा जोड खेळणाऱ्यांनीच बनवून टाकला. आणि 2023 साली त्याच कंपनीने ‘स्टारफील्ड’मध्ये नायक पुन्हा मुका केला. मुका, मग बोलका, मग परत मुका. रोगाचं निदान चुकलं की असंच होतं.

निवड आमची, तोंड दुसऱ्याचं. हे वाचताना 1932 आठवत नसेल तर आपला इतिहास पुन्हा वाचायला हवा. त्या ऑगस्टमध्ये जातीय निवाड्याने आपल्याला 71 जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ दिला. 24 सप्टेंबरच्या पुणे कराराने जागा 148 केल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतला. प्राथमिक फेरीत आपल्या मतदारांनी चार नावं काढायची, त्यातला अखेरचा कोण हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, अशी व्यवस्था झाली. आवाजांची संख्या दुपटीने वाढली. ते आवाज कुणाचं बोलणार याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात गेली. मान्यवर कांशीराम यांनी पन्नास वर्षांनी, 1982 मध्ये, ‘द चमचा एज’ लिहिलं ते याच दुखण्यावर. आरक्षित जागेवर निवडून आलेला आपला माणूस सभागृहात उठतो, आवाज त्याचाच असतो आणि वाक्य पक्षाच्या कार्यालयातून आलेलं असतं. बोलका नायक म्हणजे आपोआप मुक्त नायक, असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

तेव्हा आमचं म्हणणं असं आहे. मुका की बोलका हा प्रश्नच अपुरा आहे. यादी कोणी लिहिली, हा पुरा प्रश्न आहे. 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच फरक मांडला होता. मतांचं प्रतिनिधित्व झालं म्हणजे काम भागलं असं नाही, माणसांचंही प्रतिनिधित्व हवं. आपल्याविषयी कळवळ्याने बोलणारा कुणी असला तरी आपण तिथे असण्याची गरज संपत नाही. गेमच्या भाषेत सांगायचं तर जातिबाह्य बुटक्याची गोष्ट कुणीतरी सहानुभूतीने लिहिली, चांगली लिहिली, तरी ती लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी जातिबाह्य बसलेला नसेल तर तिसरं नाव यादीत येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मग कोणताच गेम चालणार नाही. यादी तर प्रत्येक गेममध्ये असणारच. बरोबर आहे. संविधानातही कलमांची यादीच आहे. यादी वाईट नाही. आम्ही कोणत्याही यादीला तीन प्रश्न विचारतो. एक, तिच्यात ‘नाही’ म्हणता येतं का, आणि ‘नाही’ म्हटल्याने काही बदलतं का? दोन, निवडलेलं वाक्य आणि बोललेलं वाक्य एकच आहे का? तीन, ज्याच्यावर ही गोष्ट आहे त्याच्या माणसांनी ती लिहिण्यात भाग घेतला का? मुका नायक दुसऱ्या प्रश्नात बहुधा पास होतो, बोलका नायक बहुधा नापास. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात दोघेही अडखळतात.

एक वेगळा प्रयोग सांगण्यासारखा आहे. एस्टोनियातल्या कलावंतांच्या गटातून उभा राहिलेला ‘डिस्को एलिसियम’ 2019 साली आला. 2021 मध्ये त्यातली सगळी पात्रं बोलकी झाली, पण नायकाची स्वतःची वाक्यं मुकीच राहिली. आवाज मिळाला तो त्याच्या डोक्यातल्या 24 शक्तींना. तर्क बोलतो, भीती बोलते, हुकूमशाही वृत्ती बोलते, सहानुभूती बोलते, एकमेकांचं बोलणं तोडतात. आणि नायक त्या गोंगाटातून वाक्य निवडतो. आपलं पोरगं मुलाखतीच्या खोलीत शिरतं आणि पहिलाच प्रश्न आडनावावर येतो, तेव्हा त्याच्या डोक्यात नेमकं हेच चालू असतं. एक आवाज सांगतो गप्प बस, एक सांगतो खरं सांग, एक सांगतो गुण दाखव, आणि एक आवाज तर समोर बसलेल्यांचाच असतो, जो लहानपणापासून आत घातला गेलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते पोरगं मुकं दिसतं. ते मुकं नसतं, त्याच्या आत सभा भरलेली असते. ज्या गेमला हे दाखवता येतं तो मुक्या-बोलक्याच्या वादापलीकडे गेला, एवढं श्रेय द्यायला हवं.

आता कामाचं बोलू. आपली पोरं संगणकशास्त्र शिकताहेत, चित्रं काढताहेत, रॅप करताहेत, कविता लिहिताहेत. गेम लिहायला कोट्यवधी रुपये लागतात हा गैरसमज काढून टाका. 2009 पासून ‘ट्वाइन’ नावाचं साधन फुकट मिळतं. त्यात प्रोग्रामिंग न शिकता वाक्यांची, पर्यायांची, फाट्यांची गोष्ट रचता येते आणि ती ब्राउझरमध्ये देवनागरीत चालते. जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या चौथ्या फेरीला निघालेली मुलगी घ्या. खिडकीतला कारकून एक वाक्य बोलतो. तिच्यापुढे कोणते पर्याय आहेत? ती यादी लिहायला बसलात की पहिल्या तासात कळेल, बाहेरच्या माणसाला त्यातले दोनच सुचले असते. बाकीचे तुम्हाला माहीत आहेत, कारण ते तुमच्या आईने वापरलेत, बहिणीने वापरलेत. मग वाटलं तर तिला आवाज द्या. मोबाईलचा रेकॉर्डर पुरे. आपल्याच वस्तीतल्या मुलीच्या बोलीत, ‘शुद्ध’ न करता.

1920 साली हाताशी होतं ते छापील पान, म्हणून बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं. जलसाकारांनी डफ घेतला, दलित साहित्यिकांनी आत्मकथन घेतलं. आपल्या पिढीच्या हातात पडदा आहे. त्या पडद्यावर मूक नायक होऊन दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं निवडत राहायचं, की मूकनायकाचं काम पुढे न्यायचं, हे आपणच ठरवायचं आहे. यादी लिहायला घ्या.

जय भीम!